मडकी मांडून बसलेली बाई

वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपूरहून चाले. माझा मात्र माझ्या बैलावरही चालत नव्हता. दुसरबीडच्या बाजारात नवा बैल घेतला आणि त्याला पाणी पाजायचं सोडून मी ऐटीत मिरवत निघालो. दावं हिसडून तो उधळला तो थेट एका कुंभारणीच्या दुकानाकडे.

तिने उन्हाळाभर घडवलेली मडकी गवतावर मांडली होती. लोक पळाले. ती मात्र मडक्यांपुढे येऊन बसली आणि पाण्याने भरलेलं कुंडं दोन्ही हातांनी पुढे धरलं. बैल थबकला, प्यायला लागला.

धापा टाकत मी विचारलं, "मावशी, भीती नाही वाटली?"

"भेली ना, बापू. पण मडक्यायले पाय कुठं हायेत? मंग मलेच थांबा लागलं."

कुंडं तिने अजून दोन्ही हातांनी धरूनच ठेवलं होतं. बैल निवांत पीत होता.