जाड सालीचा चेंडू

"कुणी दिला हा चेंडू? कुणी दिला, म्हणतो मी!"

साहेब तिसऱ्या गलीजवळ उभे राहून ओरडत होते. गोल्फच्या भोकाला आम्ही कोल्हापूरकर गोट्यांच्या खेळातल्यासारखं गलच म्हणायचो. ते ओरडणं ऐकून रंकाळ्यातल्या पाणकोंबड्या उडाल्या आणि पन्हाळ्यावरच्या कचेरीत एका कारकुनाच्या हातातला टाक गळून पडला, असं पुढं आठ दिवस गावात बोललं जात होतं. मी त्याला खोटं म्हटलं नाही. पहिल्यांदा ते सांगितलं होतं मीच.

साहेबांच्या तळहातावर पांढरा चेंडू होता आणि त्याच्या पोटावर या कानापासून त्या कानापर्यंत हसल्यासारखी चीर पडली होती. चिरेतून रबराचा बारीक दोरा बाहेर येत होता. येतोय, येतोय, येतच राहिलाय. एका गोल्फच्या चेंडूत किती दोरा गुंडाळलेला असतो, हे बघितल्याशिवाय पटायचं नाही. सरळ करत गेलं तर कोल्हापुरातून निघून कागलच्या वेशीला पोचेल आणि गाठ मारायला वर हातभर उरेल.

"मी दिला साहेब," मी म्हणालो.

"या आठवड्यातला हा तिसरा. आणि आज मंगळवार! तुमच्या कोठीतला माल सडका आहे."

"होय साहेब."

माल सडका नव्हता. तो चेंडू विलायतेतून आलेला, कोठीतल्या सगळ्यांत वरच्या खणातला, लोण्यासारख्या मऊ सालीचा होता. सडका होता तो साहेबांचा हात. काठी चेंडूच्या पोटाला लागायची ती डोक्याला लागत होती, आणि लोखंडाची धार डोक्यात बसल्यावर लोण्याचं काय होणार? पण हे बोलायचं कुणी? साहेबांच्या टेबलावर त्या दिवसांत दोन याद्या तयार होत होत्या. एक 'ठेवावयाचे' आणि दुसरी 'कमी करावयाचे'.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. आता आम्ही सगळे मुंबई सरकारचे झालो, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात कोण कुणाचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माहुताला कुठल्या खात्यात बसवायचं? शिकारीचे चित्ते सांभाळणारा चित्तेवान गृहखात्यात जातो की शेतीखात्यात? एका चित्तेवानाला म्हणे तलाठी करायचं घाटत होतं, आणि तो रोज चावडीसमोर उभा राहून दप्तर किती वेगानं पळतं ते बघत होता. हसायचो आम्ही. घरी गेल्यावर मात्र कुणी हसत नव्हतं. माझ्या घरी म्हातारे वडील, बायको आणि दोन मुली होत्या, आणि मी होतो संस्थानच्या खेळसामानाच्या कोठीचा कोठीवाला. माझं नाव कुठल्या यादीत पडणार, यावर त्या घरातली चूल अवलंबून होती. आणि याद्या करत होते हे मुंबईहून आलेले, गोल्फ खेळणारे, चेंडू फोडणारे साहेब.

अठरा वर्षं मी त्या कोठीत काढली. गोऱ्या पाहुण्यांसाठी संस्थानानं मैदान केलं होतं. त्या खेळाचे चेंडू माझ्या ताब्यात. अठरा वर्षांत माणसाला काहीतरी विद्या येतेच, मला चेंडूची आली. डोळे मिटून माझ्या हातात चेंडू द्यावा. साल जाड की पातळ, आतला दोरा करकचून गुंडाळलाय की सैल, कुठल्या सालचा माल, कुठल्या गोऱ्यानं मारला आणि त्या सकाळी त्याचं बायकोशी भांडण झालं होतं का, इथपर्यंत मी सांगायचो. घंगाळात मिठाचं पाणी करून चेंडू त्यात सोडायचा. तो वळून वळून एकच अंग वर आणत असेल तर त्याचा तोल गेलेला, तो सरळ जायचा नाही. शहाबादी फरशीवर छातीइतक्या उंचीवरून सोडायचा आणि डोळ्यांनी नव्हे, कानांनी बघायचा.

आणि माणूस बघायचा. हे खरं काम. ज्याच्या मनगटात वेग आहे आणि ज्याची काठी दरवेळी एकाच जागी लागते, त्याला पातळ सालीचा, करकचून गुंडाळलेला चेंडू द्यावा. तो त्याच्याकडून हवेत वळणं काढून घेईल. ज्याचा झोका मंद आहे त्याला सैल गुंडाळलेला, म्हणजे चेंडूच थोडं काम करतो. आणि जो नुकता शिकतोय, ज्याची काठी कधी जमिनीला, कधी चेंडूच्या डोक्याला आणि कधी स्वतःच्या नडगीला लागते, त्याला जाड सालीचा. तो फार लांब जात नाही, गलीजवळ पडला तर गुमान थांबत नाही, पण फुटत नाही. शिकणाऱ्याला तेवढंच पाहिजे असतं. इतकी साधी गोष्ट. सगळ्या दख्खनेत ती जाणणारा मी एकटा होतो, आणि ती जाणणारा माणूस कुणालाच नको होता.

पण एवढी विद्या असून अठरा वर्षांत मी ती एकदाही वापरली नव्हती. कारण कोठीत चेंडू खेळावर दिला जात नव्हता, मानावर दिला जात होता. आमच्याकडं सगळंच तसं. पंगतीत पाट कुठला, गुलाबदाणी आधी कुणापुढं, विडा कुणाला चांदीच्या तबकात आणि कुणाला पितळेच्या, हे जसं ठरलेलं, तसे माझ्या कपाटाला तीन खण. वरच्या खणातले पातळ सालीचे विलायती चेंडू थोर पाहुण्यांना आणि सर्वांत वरच्या हुद्द्याला. मधले सरदार-मानकऱ्यांना. खालच्या खणातले जाड सालीचे, पुन्हा पुन्हा रंगवलेले, बाकीच्यांना. त्यामुळं ज्याला अजिबात येत नाही पण ज्याचा मान मोठा, तो लोण्याचे चेंडू कापत बसायचा. आणि मैदानाचा म्हातारा माळी, ज्याच्या हातातून चेंडू सुटला की घारीला बाजूला व्हावं लागायचं, तो साऱ्या हयातीत खालच्या खणातल्या चेंडवानं खेळला. मी हे रोज बघत होतो, आणि रोज खण उघडताना हात आपोआप मानाप्रमाणंच जात होता.

त्या मंगळवारी साहेब पाय आपटत गेल्यावर माळी हिरवळीवर सांडलेला दोरा गोळा करत म्हणाला, "कोठीवालं, कशापायी छळताय त्येला? जाड सालीचा द्या की."

"मामा, खालच्या खणातला? साहेबांना?"

"मग काय झालं? खेळ खालच्या खणातलाच हाय न्हवं?"

"ते तुम्हीच सांगा की त्यांना."

"मी सांगतो. माझं नाव यादीत न्हाय. मी रोजंदारीवर."

मी त्याला हात जोडले आणि गप्प बसवलं.

शुक्रवारी साहेब स्वतः कोठीत आले. दाराशी थांबले, टोपी काढली. रविवारी पुण्याहून त्यांच्यावरचे थोरले साहेब यायचे होते, त्यांच्याबरोबर खेळ ठरला होता. आवाज इतका खाली आला होता की मला वाटलं दुसराच कोणी बोलतोय.

"हे बघा, तुम्हाला यातलं कळतं असं मी ऐकलंय. मला एक स्पष्ट सांगा. माझ्या खेळाला कुठला चेंडू योग्य? भीड धरू नका."

आता सांगतो, माझ्या सगळ्या आयुष्यात एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बायकोनंसुद्धा नाही. अठरा वर्षांची विद्या घशापर्यंत आली. जाड सालीचा, साहेब. सैल गुंडाळलेला. अजून वर्षभर तोच. एवढंच म्हणायचं होतं. आणि माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, आपला हात म्हणजे काय! आपल्याला वरच्या खणातलाच शोभतो. मालच जरा जुना झालाय."

साहेबांनी कपाटाच्या वरच्या खणाकडं पाहिलं. मग टोपी घातली. "बरं," म्हणाले, "एक चांगला काढून ठेवा."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "एवढं इचारत हुतं तर खरं सांगायचं की वो," ती म्हणाली.

"आणि त्यांना राग आला तर?"

"आन् आता चेंडू फुटल्यावर लाडू देनार हायती व्हय?"

रात्रभर छताच्या वाशांकडं बघत पडलो, आणि उजाडता उजाडता मला ती अक्कल सुचली. मला अक्कल सुचते तेव्हा घरच्यांनी मला खांबाला बांधून ठेवावं, पण कुणी बांधलं नाही.

शनिवारी सकाळी शाहूपुरीत मोटारी रंगवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून वाटीभर पांढरा रंग आणला, दुसऱ्या वाटीत चमचाभर लाल. त्यानं बजावलं, "पावणं, दोन दिवस वाळाय पायजे ह्यो. बोट लावू नका." माझ्याकडं एक दिवस होता. खालच्या खणातला सर्वांत चांगला जाड सालीचा चेंडू निवडला. मिठाच्या पाण्यात सोडला, तोल सोनाराचा काटा ओशाळेल असा. तो वरवर घासून, त्यावरचा शिकाऊंचा काळा शिक्का झाकेल असा पांढरा रंगवला. वरच्या खणातल्या चेंडवावर विलायती कंपनीचा लाल ठिपका असायचा, तसा ठिपका काडीच्या टोकानं काढला. इतका हुबेहूब की त्या कंपनीच्या मालकानं ओवाळून घरात घेतला असता. मग उन्हात ठेवायला गेलो, तर ऊन नव्हतं. गणपती नुकतेच गेले होते, हवा ओल्या कांबळ्यासारखी अंगाला चिकटत होती. दिवसभर मी त्या चेंडवाला पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो. माझ्या पोरींना तापात मी एवढा वारा घातला नसेल.

रविवारी साहेब खेळले. माझं सांगणं निम्मं सोडून द्यायची सवय असलेल्यांनी हे मात्र अख्खं गिळावं: साहेब त्या दिवशी चांगले खेळले. काठी डोक्याला लागली, चेंडू फुटला नाही, कुरकुरत का होईना पुढं गेला. दुसऱ्या गलीला साहेबांची मान सरळ झाली. चौथ्या गलीला त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि हसले. पाचव्याला ते थोरल्या साहेबांपेक्षा एका फटक्यानं पुढं होते. मी मनात पहिल्या यादीवर माझं नाव लिहिलं, सुवाच्य, शाईनं.

सातव्या गलीत साहेबांनी चेंडू घातला, वाकून बाहेर काढला, अंगठ्यानं पुसला आणि त्याच अंगठ्यानं कपाळावरचा घाम निपटला.

थोरले साहेब थांबले. बघतच राहिले. मग म्हणाले, "अहो, हे काय, हळदीकुंकवाला निघालात की काय?"

साहेबांच्या कपाळावर भुवयांच्या बरोबर मध्ये लालभडक टिळा उमटला होता. थोरल्या साहेबांनी त्यांच्या हातातून चेंडू घेतला आणि नखानं खरडला. पांढऱ्या रंगाची अख्खी पापडी निघून आली. खाली जुना पिवळट रंग, आणि त्यावर शिकाऊंच्या चेंडूचा जाडा काळा शिक्का.

"हा तर नवशिक्यांचा चेंडू. वरून रंगवलाय!" ते इतके हसले की त्यांना काठीवर टेकावं लागलं. "तुमचा कोठीवाला तुम्हाला काय समजतो, ते आज कळलं बघा!"

आता साहेब ओरडतील म्हणून मी डोळे मिटून घेतले. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी आजही ते तिखटमीठ लावून सांगितलं असतं. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, टिळा जास्तच पसरला. चेंडू माझ्यापुढं धरला आणि अगदी हळू म्हणाले, "कोठीत जमा करा." उरलेला खेळ त्यांनी वरच्या खणातल्या चेंडवांनी खेळला. दोन फोडले. हरले.

माळी आला आणि हिरवळीवर सांडलेला दोरा गोळा करू लागला.

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच मी पायरीवर बसून होतो. हेडक्लार्क आले, टोपी खुंटीला लावली, खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. तीन खण सांगितले, मान सांगितला, शुक्रवारी घशापर्यंत आलेलं आणि बाहेर न पडलेलं सांगितलं, रंग सांगितला. म्हणालो, "रावसाहेब, साहेबांना माझं एवढंच कळवा. शुक्रवारी मी खोटं बोललो. त्यांच्या हाताला जाड सालीचाच चेंडू योग्य आहे, अजून वर्षभर तरी. मी हे तोंडावर सांगायला तयार आहे. मग यादीत माझं काय करायचं ते त्यांनी ठरवावं."

हेडक्लार्कांनी दौतीचं झाकण काढलं, टाक बुडवला, टोक काठाला निपटलं.

"यादी बुधवारीच गेली पुण्याला," ते म्हणाले. "तुम्ही कमी करायच्यांत हायसा. सरका जरा, उजेड येईना झालाय."