मंदाकाकूंची पहिली पंगत

मंदाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जेवत होत्या, आणि माझ्यासाठी उठल्या नाहीत. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने द्यायची होती. मी भर उन्हात विचारत आले, तर या बाई खुर्चीवर बसून निवांत भाजीभाकरी खात होत्या. समोर दिवाणावर दोन पाहुणे. मला वाटलं, त्यांची जेवणं झाली असतील. कसलं काय! ते उपाशीच बसले होते.

"बस वं पोरी. मी जेवून राहिली. खोली कुठं पळून जाते का?"

सावकाश जेवण आटोपलं, हात धुतले, पाहुण्यांची पानं वाढली आणि मगच किल्ली काढली. बाप्पा, काय ही बाई, असं मनात म्हणतच मी जिना चढले. खोली मात्र आवडली आणि मी राहिले.

काका सरकारी कचेरीतून बाबू म्हणून निवृत्त झालेले, स्वभावाने अगदी गरीब. काकू कुही गावाकडच्या शेतकरी घरातल्या. त्यांना मधुमेह होता आणि जेवणाची वेळ त्या कुणासाठीही चुकवत नसत. मी मिहानमधल्या कंपनीतून यायची ती पुष्कळदा भरला डबा घेऊन. काकू दारातच डबा हातात घेऊन हलवून बघायच्या.

"काहून वं, खाल्लं नाही?"

"मीटिंग होती, काकू."

"मंग? मीटिंगमंदी सगळेच उपाशी होते का तूच एकटी?"

आमचे साहेब मीटिंगमध्येही समोसे हाणत असत. एकदा मात्र मी चिडले. म्हटलं, "काकू, सारखं स्वतःचंच बघणं हा स्वार्थ नाही का?"

काकूंनी मला समोर बसवलं आणि आदल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांची गोष्ट सांगितली. भाद्रपदात त्यांच्या घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. जेवणाच्या दिवशी आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची. राबणाऱ्या बायका सगळ्यांच्या शेवटी, दिवेलागणीला. काकूंनी सकाळची गोळी घेतलेली, पोटात पाण्याशिवाय काही नाही, आणि दिवसभर वाढणं चाललेलं. कढी वाढता वाढता त्यांचं अंग थरथरायला लागलं, घाम फुटला, तोंडून भलतंसलतं यायला लागलं. साखर पार उतरली होती. घरच्यांना वाटलं, अंगात आलं!

"कोनी कुंकू लावे, कोनी पाया पडे. माह्या नणंदेनं तं इचारलं, माय, पोराचं लगन कधी जमन? अवं, मी मरून राहिली होती अन् हे मले नमस्कार करून राहिले होते!"

मी पोट धरून हसत होते. काकू हसल्या नाहीत.

"देवीचं तोंड गोड करा म्हनून कोनीतरी साखर चारली, तशी मी शुद्धीवर आली. पन ती साखर त्याईनं देवीले चारली. मंदाले कोनी चारली नसती." मग म्हणाल्या, "तवापासून ठरवलं, मंदाचं मंदानंच पाहाचं. याले तू स्वार्थ म्हनत असशीन तं म्हन."

पुन्हा तो शब्द मी काढला नाही.

साडीवर पांढरे बूट घालून त्या रोज सकाळी तलावाकडे फिरायला जात. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. "हसू दे त्याईले. पाय माहे आहेत," एवढंच म्हणून काकू चालत राहत. पुढे त्यातल्याच दोघीतिघी त्यांच्या मागून जायला लागल्या.

त्या भाद्रपदात मीही मदतीला होते. नैवेद्य झाला, आरती झाली, आणि काकूंचे भासरे, म्हणजे काकांचे कुहीचे थोरले भाऊ, पाटावर बसायला निघाले. काकू त्यांच्याशी कधी थेट बोलत नसत, तशी रीतच. डोक्यावरचा पदर सारखा करून, मान खाली घालून त्या काकांना म्हणाल्या, "अहो, त्याईले सांगा, पयली पंगत बायाईची. देवी बाईच आहे नं? तिले आदी वाढलं. मंग बाकीच्या बायाच काहून उपाशी?"

भासरे लालबुंद झाले. "असं असन तं मुखवटे मी कुहीले घेऊन जातो. थोरल्याचा मान आहे. पुढच्या साली महालक्ष्म्या माह्या घरी!"

काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्या मुखवट्यांवर त्यांचा किती जीव! वर्षभर मऊ कापडात ठेवायच्या, लेकींसारखं नटवायच्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई नमणार. पण त्या काकांकडेच बघत म्हणाल्या, "न्या म्हना. मी माह्या हातानं काढून देईन. पन आज बायाच पयले बसतीन." आणि पहिल्या पानावर जाऊन बसल्या.

एकट्याच. बाकीच्या बायका स्वयंपाकघराच्या दारात एकमेकींकडे बघत उभ्या. मला इतकं रडू येत होतं की काय सांगू. तेवढ्यात काकूंच्या म्हाताऱ्या जाऊबाई, भासऱ्यांची बायको, भिंतीला धरत धरत पुढे आल्या. जन्मभर नवऱ्यापुढे तोंड न उघडलेली बाई.

"तू कुठं चालली?" भासरे गरजले.

"जेवाले," त्या म्हणाल्या आणि काकूंच्या शेजारी बसल्या.

मग धरण फुटावं तशा सगळ्याच बसल्या, मीही बसले. वाढायला काका उठले. जाऊबाईंनी नुकतीच तव्यावरून उतरलेली पुरणपोळी मोडून तुपात बुडवली, घास घेतला आणि हातच थांबवला. "मंदे, इतके वर्ष पोळ्या लाटल्या मी. गरम असताना अशी लागते का वं?"

काकूंनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी घालायला सांगितली. भासरे बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी निरोपाची आरती झाली. काकूंनी मुखवटे पुसले, कापडात गुंडाळले, अश्रू लपवलेसुद्धा नाहीत, आणि दोन्ही हातांनी जाऊबाईंपुढे धरले. भासरे दारात चपला घालून उभे होते.

"घे अन् चाल लवकर," ते म्हणाले.

जाऊबाईंनी हात पुढे केलाच नाही. "राहू दे वं मंदे, इथंच ठेव," त्या म्हणाल्या. "मले पुढच्या सालीबी गरमच जेवाचं आहे."