बायकोची बैठक

बायकोचे गुडघे दुखू लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, मांड्यांत ताकद आणा. पाटणकर बाजारात एक जिम होती. तिला एकटीला संकोच वाटेल म्हणून मीही नाव घातलं. खरं तर मला तिला शिकवायचं होतं. तरुणपणी मी रोज दोनशे बैठका मारत असे. पूर्वज दक्षिणेतून मराठी फौजेबरोबर इथे ग्वाल्हेरला आलेले. त्यांची ताकद आपल्या मांड्यांत उतरली आहे, असं मी साठीतही समजत होतो.

तिथली ट्रेनर पस्तिशीची, कडक बाई. तिने आम्हा दोघांना नुसतं मागच्या बाकड्यापर्यंत बसून उठायला सांगितलं. मी झपझप दहा मारल्या.

"अंकलजी, एड़ी उठ रही है आपकी. घुटने भी अंदर जा रहे हैं."

मग बायकोची पाळी. पावलं खांद्याएवढी फाकवून, कंबर मागे नेत, छाती वर ठेवून ती सावकाश बाकड्यापर्यंत बसली आणि उठली.

"बस, ऐसे! अंकलजी, आंटी को देखिए."

मला ते फार झोंबलं. हिनं उभ्या जन्मात व्यायाम केला नव्हता!

दोन महिन्यांत ती खांद्यावर रिकामा रॉड घेऊ लागली. मी अजून बाकड्यावरच. घरी वरण ढवळताना ती म्हणे, "अहो, टाचा टेकवून बघा ना, सोपं जातं." मी ऐकलंच नाही असं दाखवी.

एका सकाळी ट्रेनर फोनवर होती. मी रॉडला दोन्हीकडे दहा-दहा किलो चढवले आणि बायको बघतेय याची खात्री करून खाली गेलो. टाचा सुटल्या, पाठ वाकली, कमरेत कळ आली. वर येता येईना. रॉड अडवायला चौकटीला खाली आडव्या दांड्या होत्या, पण मला ते सुचेना. "सोडा, खालच्या दांड्यांवर सोडा!" बायको ओरडली, तेव्हा कुठे सुटलो.

घरी परतताना रिक्षा महाराज बाड्याच्या चौकात अडकली तेव्हा तिने विचारलं, "कुणाला दाखवायचं होतं?"

"तुला."

ती हसली नाही. "इतकी वर्षं मी तुमचंच बघत आले. एकदा माझं बघा की."

तीन आठवड्यांनी कंबर बरी झाली आणि मी तिचं बघून शिकू लागलो. टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने, घाई नाही. आता माझीही बैठक नीट होते.

परवा तिने रॉडला पाच-पाच किलो लावले. सावरायला मी मागे हात तयार ठेवून उभा होतो. तिला गरज पडली नाही. आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं वाईटच वाटलं.