चतुर्थीची भाकर

अकोल्याच्या दवाखान्यात ती दर्यापूरकडची बाई मला दर आठवड्याला दिसायची. आत तिच्या नवऱ्याला कॅन्सरचं सलाईन लागलेलं असायचं, तसंच माझ्या बायकोलाही. बाहेर बाकावर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांचे काही ना काही उपास-नवस चालू होते. मी चहा सोडला होता.

चतुर्थीला सगळ्यांच्या डब्यांतून साबुदाणा निघाला. हिच्या डब्यात मात्र ज्वारीची भाकर आणि ठेचा. पहिला घास तिनं डोळे मिटून कपाळाला लावला, मग निवांत जेवू लागली. मला राहवेना.

"ताई, उपास नाही धरला?"

"पयलेबी कधी धरला नाई, भाऊ. आता धरला, तं देवाले वाटन, इचा भरोसा उडाला."

जेवण झाल्यावर तिनं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढे धरला. नाही म्हणायचं सुचलंच नाही. झाकण हातात घेऊन मी आतल्या दाराकडे बघत बसलो.

"थंडा होऊन राह्यला, भाऊ," ती म्हणाली.

मला तो पिववेना आणि ओतूनही देववेना.