करपलेल्या चहाची तारीफ

आम्ही रात्री जिल्ह्याच्या गावात झोपलो आणि सकाळी राजधानीत दात घासले. रायपूरचं असंच झालं. छत्तीसगढ राज्य नवं निघालं आणि भोपाळहून इतके साहेब उतरले, की भाड्याची खोली बघायला गेलेल्या एका साहेबाला आत दुसराच साहेब आंघोळ करताना सापडला. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण ज्यानं सांगितलं तो माझ्यापेक्षा कमी खोटं बोलतो.

मी तेव्हा रेल्वेच्या कचेरीत बाबू होतो आणि माझं खरं ऑफिस गोल बाजाराच्या मागल्या गल्लीत होतं. एक भट्टी, तीन बाकं आणि चहाचा एक मालक. मालक भंडाऱ्याकडचा, आमच्यासारखाच मराठी. साहेब लोक आले तसं त्यानं पाटीवर 'चाय'च्या बाजूला 'कॉफी' रंगवून घेतलं. पावडर आणि साखर वाटीत टाकून चमच्यानं फेटायची, पांढरी होईस्तोवर फेटायची आणि वरून उकळतं दूध. तो फेटायला लागला की त्या वाऱ्यानं माझ्या हातातल्या पेपरचं पान उलटायचं.

पण त्याची खरी करामत चहात. चहा तो वासानं उतरवायचा. उकळी फुटली की डोळे मिटून पातेल्यावर वाकायचा, एक मोठा श्वास घ्यायचा, आणि त्याच्या नाकानं हो म्हटलं की मग पातेलं खाली. त्या वासापायी एकदा एक वरात रस्ता सोडून गल्लीत शिरली. नवरदेवानं घोड्यावर बसूनच दोन कप घेतले आणि घोडा हलेना म्हणून त्यालाही बादलीत द्यावा लागला.

मग एका दिवाळीनंतर मालकाला ताप आला. दुकान बंद राहिलं. पुन्हा उघडलं तेव्हा मालक वाळला होता आणि चहा बिघडला होता. आम्हाला वाटलं, अशक्तपणा असेल. एका सकाळी तो नेहमीसारखा डोळे मिटून पातेल्यावर वाकला होता आणि त्याच्या खांद्यावरचा गमछा भट्टीला लागून धुमसत होता. सगळ्या गल्लीत जळकट वास. समोरचा भांडेवाला बाहेर येऊन बघतो आहे, आणि मालक पातेल्यावर हुंगत म्हणतो, आता झाला, फक्कड झाला. माझ्या बाजूला रोज बसणारा वीज खात्यातला लाइनमन उठला, त्यानं गमछा ओढला आणि पायाखाली विझवला. मालक गमछ्याकडे बघतच राहिला.

तेव्हा आम्हाला कळलं. तापानं त्याचं नाक नेलं होतं. त्याला ते ठाऊक होतं आणि तो लपवत होता. रोज खोटंखोटं हुंगत होता.

लपवणार नाही तर काय करणार? पंडरीच्या कापडबाजारातल्या एका कापडवाल्याचा त्या गाळ्यावर डोळा होता. कापडाचे गठ्ठे ठेवायला त्याला गोडाऊन हवं होतं. येताना पेढे आणायचा, जाताना विचारायचा, मग काय ठरवलं? चहा गेला असता तर गाळा गेला असता, आणि मालकाला दुसरं काही येत नव्हतं. लग्नाच्या दोन पोट्ट्या घरात.

आम्ही रोजचे तिघं होतो, मी, लाइनमन आणि एक रिटायर गुरुजी. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आम्ही ठरवलं की त्याला काही म्हणायचं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण आम्ही तारीफ सुरू केली. लाइनमन छत्तीसगढी माणूस, तो आपला 'हव, बढ़िया हे' म्हणून मोकळा व्हायचा. गुरुजी प्रत्येक घोटाला 'वा' म्हणायचे. आणि मी? मी तर मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावर हाच चहा न्यायची बोलणी चालू असल्याचं सांगून टाकलं.

चहा कसा होता विचारू नका. पत्ती करपलेली, आलं इतकं की गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आणि कवळीतून कळ. भोपाळच्या एका साहेबानं कॉफी मागितली, तिच्यातही आलं निघालं. भला माणूस. छत्तीसगढची हीच पद्धत असेल समजून त्यानं अर्धी पोटात घातली आणि नंतर तेलीबांध्याकडच्या काचेच्या दारवाल्या कॉफीच्या दुकानात दिसू लागला. बाकं रिकामी होत गेली आणि आमची तारीफ वाढत गेली.

"तुम्ही तिघं म्हणता म्हणजे चांगलाच असन," मालक एकदा म्हणाला. "मग लोक काहून येऊन नाही राहिले?"

आम्ही राजधानीला शिव्या दिल्या. लोकांची जीभ बिघडली, शहर बिघडलं, काय काय सांगितलं. त्यानं मान डोलावली. पण त्या आठवड्यात कापडवाला आला तेव्हा मालकानं त्याला नाही म्हटलं नाही. गाळा कधीपासून पाहिजे, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी आमची बायको भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला पंडरीला गेली. जन्मात कधी चहाच्या दुकानात बसली नाही, पण त्या दिवशी पाय दुखले म्हणून रिक्षा थेट गल्लीत आणली आणि माझ्या बाजूला बसली. मालकाला कोण आनंद झाला. घासून कप धुतला, वहिनी पहिल्यांदा आल्या म्हणून ताजा चहा टाकला, डोळे मिटून हुंगला आणि स्वतःच्या हातानं आणून दिला.

तिनं एक घोट घेतला. मी बाकाखालून तिचा पाय दाबला.

"पाय काहून दाबून राहिले?" ती म्हणाली, आणि मालकाकडे वळली. "भाऊ, पत्ती करपली न. आन् आलं किती टाकलं. तुम्हाले वास नाही आला का?"

गुरुजी छताकडे बघू लागले. लाइनमनचा कप ओठाशीच राहिला.

"नाही येत, वहिनी," मालक म्हणाला. "तापापासून काहीच येत नाही."

मग तो आमच्याकडे वळला. मला वाटलं, आता हाकलतो.

"तुम्हाले समजलं होतं?"

आम्ही तिघांनी माना खाली घातल्या. तेच उत्तर झालं. तो खाली बसला आणि भट्टीकडे बघत म्हणाला की तो रोज आमच्या तोंडाकडे बघून चहा करायचा प्रयत्न करत होता. आलं वाढवलं, आम्ही वा म्हटलं, म्हणून आणखी वाढवलं. पत्ती जास्त उकळली, आम्ही बढ़िया म्हटलं, म्हणून तशीच ठेवली. नाक गेलं होतं, पण नाकाच्या जागी आम्ही तिघं आहोत असं त्याला वाटत होतं.

बायकोनं कप संपवला. वाया घालवायची तिला सवय नाही. उठताना म्हणाली, "सकाळी यांच्यासमोर ठेवा पहिला कप. आन् खोटं बोलले तर घरी निरोप पाठवा, मी पाहून घेईन."

सकाळी गेलो तेव्हा भट्टी पेटलेली होती. मालक पातेल्यावर वाकला नाही. त्यानं अंदाजानं चहा उतरवला, एक कप भरला आणि माझ्यासमोर ठेवला. गुरुजी आणि लाइनमन बाजूला सरकून बसले. मी घोट घेतला. मुख्यमंत्री, अमृत, सात पिढ्या, सगळं जिभेवर येऊन उभं राहिलं होतं.

"भाऊजी," मालक हळूच म्हणाला, "आज गोष्ट नका सांगू."

मी कप खाली ठेवला. "पानचट आहे," म्हणालो. "पत्ती कमी पडली. आलं बरोबर आहे."

त्यानं अख्खं पातेलं नालीत ओतलं, विसळलं आणि नवं पाणी चढवलं. पत्तीचा डबा माझ्याकडे करून, एक चमचा की दोन, असं नुसत्या भुवयांनी विचारलं. मी दोन बोटं वर केली.