वांग्यावरचं भिंग

शेजारच्या कुसुममावशींच्या डोळ्यांचा पडदा मधोमध खराब झालाय. जिथे बघावं तिथेच डाग दिसतो. म्हणून मंडईत त्या दिव्याचं भिंग धरून वांगी निवडतात.

"काय मावशी, हिरे पारखताय का?" काल मी सोबत असताना भाजीवाला हसला. "घरात कोणी नाही का निवडायला?" गिऱ्हाइकंही फिदीफिदी हसली.

माझं डोकंच फिरलं. हसणाऱ्यांत निम्म्यांच्या नाकावर चष्मे होते! काच नाकावर बसली की शहाणपण आणि हातात धरली की तमाशा? यांची दया एवढीच, की बाईनं घरी बसावं आणि दुसऱ्यानं निवडलेलं मुकाट गिळावं.

मावशींनी भिंग हलवलं नाही. एक वांगं उचलून भाजीवाल्याच्याच हातावर ठेवलं.

"हे किडकं आहे. तू घरी ने, आणि न बघता खा."