मंजुळाच्या अकरा चुली

माझी बायको मंजुळा रोज सकाळी अकरा चुली पेटवायची. स्वयंपाक एकाच चुलीवर व्हायचा. बाकीच्या दहा शेजाऱ्यांच्या, आणि शेजारी घरात नसायचे.

सुरगाण्याच्या डोंगरात आमचा अकरा घरांचा पाडा. भात-नागली वर्षभर पुरत नाही, म्हणून दिवाळी झाली की बागवाल्याची गाडी यायची आणि सगळा पाडा द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडं जायचा. शिमग्याला परत. मीही जायचो. मंजुळा कधी गेली नाही. आमची घरं कुडाची, वासे जंगलातले. घरात धूर नसला की भुंगा वासा पोखरतो. ती घरोघर जाऊन दोन लाकडं लावायची, धूर आढ्यापर्यंत जाईस्तोवर बसायची, विझवायची, मग पुढचं घर.

मी म्हणायचो, "येडी हायस का? लोकांच्या घरात लाकडं जाळती."

"लाकडं जंगलाची, घर त्यांचं. तुमचं काय जळतं?"

तिचा हिशेब सरळ होता. "घर पडलं तर परत कशाला येतील? तिकडंच राहतील. मग मी बोलू कोणाशी? तुमच्याशी?"

एका वर्षी माणसं मोजणारा साहेब आला. लांबून पाड्यावर एकेका घरातून धूर निघताना दिसला म्हणून बिचारा खुशीत चढला. वर एकटी मंजुळा.

"बाकीचे कुठं?"

"बागेवर."

"मग एवढ्या चुली कोणी पेटवल्या?"

"मी. एका चुलीवर अकरा घरं तापतात का?"

कोरा चहा पिऊन तो उतरला. त्यानं काय लिहिलं ते तिला कळलं नाही. मला वाटतं, त्यालाही नसेल.

पुढं माझे गुडघे गेले, मीही पाड्यावर राहू लागलो. बोलायला मी होतो, तरी तिनं चुली सोडल्या नाहीत. माघातल्या एका सकाळी ती लवकर आली नाही म्हणून बघायला गेलो. शेजारच्या जनीच्या घरात, चुलीपुढं, भिंतीला टेकून बसली होती. मी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली नाही.

पाड्यात मी एकटा. मंजुळाला खांदा द्यायला कोणी नाही. खालच्या गावात उतरलो, दुकानातून बागवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, तोडणी चालू हाय. माल बाहेरदेशी जायचाय. चार माणसं पाठवतो."

मी म्हटलं, चार बास.

उन्हं कलताना पिकअप आली. आतून माणसं उतरतच राहिली, बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. सगळा पाडा. बागवाल्यानं दुसऱ्या दिवशी दुसरी टोळी लावली, आमच्या लोकांचं काम गेलं. बारा दिवस सगळे घरी बसून होते.

जनी भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, "काका, काकीनं आमची तोडणी बुडवली."

"मी चारच मागितली होती."

"चार कोण ते ठरंना. मग सगळेच बसलो गाडीत."

ती रडत होती, पण भाकरी खाल्ल्याशिवाय मला उठू दिलं नाही.

बाराव्यानंतर त्यांना दुसरी बाग मिळाली. जनी म्हणाली, "काका, एकटे राहू नका, चला." मंजुळा असती तर नाय म्हणाली असती, चुली कोण पेटवील म्हणून. मी गाडीत बसलो.